गेटवरच्या काकांचा कान

अंबरनाथ, मंगळवार, २००७. संध्याकाळ.

दुपारी आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला, खिडकीची काच फुटली. आमच्याकडे धडाका म्हणजे केमिकल कंपनीच, दुसरं काही सुचतच नाही. आमचे हे आनंदनगरच्या कंपनीतच, पहिल्या पाळीत! नाकाला ओले टॉवेल धरून आम्ही चाळीतल्या बायका कंपनीच्या गेटवर धावलो. म्हातारे वॉचमनकाका गेट उघडेनात.

"वहिनी, आत काही नाही झालं. आवाज वरून आला!"

"खोटं बोलतोय, मारा त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं.

पहिली चप्पल माझी. कानावरच बसली. मग सगळ्याच तुटून पडल्या. कानातून रक्त आलं, तरी मी मारतच होते. मी?

तेवढ्यात हे आतून आले, हातात चहाचा ग्लास.

आता टीव्हीवर सांगतायत, एक विमान रेडिओला उत्तर देईना म्हणून हवाई दलाची जेट विमानं त्याच्यामागे सुटली. ती आवाजापेक्षाही वेगाने गेली, त्याचाच तो धडाका. म्हणजे काका खरं तेच सांगत होते. तो कान डोळ्यांपुढून हलत नाही.

जेवताना ह्यांनी विचारलं, "काकांना त्या कानाने ऐकूच येत नाहीये. सुरुवात कुणी केली गं?"

"गर्दीत दिसलं नाही," मी म्हणाले, आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.