कुलपासगट कॉपी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज कसा व्हता ते मला आता नीट आठवत न्हाई. पण तू म्हणायचीस ते रोज ऐकू येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगी दुपारची झोपलीय. मी तिच्या उशापाशी बसून फोनवरच हे लिहितीय. लई चुकतंय, पण तुला तरी कुठं वाचाय येत व्हतं.

तुझी नात तीन वर्षांची व्हईल आता. नाक तुझंच घेतलंय तिनं. तिला झटके येतात, माय. पहिला आला तवा मी भाकरी थापत व्हते आन ती परातीपाशी बसून पिठात बोटं घालत व्हती. बडबड चालली व्हती तिची, एकाएकी गप झाली. बघते तर डोळे फिरलेले, हात आखडलेला, तोंडातनं फेस. मी तिला उचलून दाराकडं पळाले. सासू मागनं वरडली, "दार लाव आधी! पोरीची जात हाय. फेफरं येतं म्हणून गावात झालं तर उद्या कोण करील तिला?" मी दार लावलं. मला सासूचा राग बी आला न्हाई. तू असतीस तरी हेच म्हणली असतीस. मी ल्हान असताना शेजारणीला म्हणले व्हते, आमच्यात आज कालवण न्हाई. तू मला चुलीपाशी वढून असा चिमटा काढलास की दंड काळानिळा झालता. "घरातलं दारात नेऊ न्हाई, सटवे." मी कालवणाशिवाय भाकर खाल्ली, आन तू माझ्या दंडाला तेल लावत बसलीस.

हे पिकअप चालवतात, दिवसभर घरी नसतात. ह्यांना सांगितलं तर म्हणले, "झोपत दचकली असंल. तुला सगळ्याचंच भ्या वाटतं." म्हणून पुढच्या येळेला मी फोनमधी काढलं. घाईत आधी नुसती भिंतच आली. ह्यांनी बघितलं आन खाली बसले. मग जवा जवा झटका आला तवा काढत गेले. पण घरात फोन एकाचा ऱ्हातो व्हय? दीर घेतो, जावंची पोरं गेम खेळतात. कुणी उघडलं तर? फोनमधी फायली ठेवायची जागा असती बघ, पिवळे पिवळे खण. त्यातच एक कुलपाचा खण व्हता. त्यात टाकलं की दुसरीकडं कुठंच दिसत न्हाई, बोटानं खूण काढली तरच उघडतं. मी सगळे झटके त्यात टाकले. मला लई बरं वाटलं. वाटलं, माय असती तर शाबास म्हणली असती.

मग फोनची काच गेली. ह्यांनी बीडातल्या दुकानात जुना देऊन दुसरा घ्यायचं ठरवलं. जायच्या आधी मी कुलपाच्या खणातल्या सगळ्या फायली धरून फोनमधल्या मेमरी कार्डात कॉपी केल्या. गोल फिरत ऱ्हायलं, मग हिरवी खूण आली. कार्डात जाऊन बघितलं बी. जेवढ्या व्हत्या तेवढ्या सगळ्या, वजन बी तेवढंच. नावं तेवढी येडीवाकडी झालती, म्हणलं असंल तसं. उघडून बघितली न्हाई एक बी. बघवतच नव्हत्या मला. दुकानात मीच म्हणले, "ह्या फोनमधलं सगळं पुसा. परत कुणाला काढता येऊ न्हाई असं." दुकानदार हसला, "ताई, एवढं काय हाय त्यात?" म्हणले, काय न्हाई, पुसा. कार्ड तेवढं काढून नव्या फोनमधी घातलं, आन जुना उभं राहून पुसून घेतला.

मागच्या खेपेला झटका थांबंच ना. ओठ निळे पडले पोरीचे. मग सासूचं न ऐकता ह्यांनी गाडी काढली आन आमी बीडला मोठ्या डॉक्टरकडं गेलो. पोरीच्या डोक्याला वायरी लावून कागद काढला, तो चांगला आला, कारण त्या टायमाला झटकाच आला न्हाई. डॉक्टर बाई म्हणल्या, "आधी कोणता हात आखडतो? डोळे कोणत्या बाजूला जातात?" मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. त्या टायमाला माझ्या डोळ्याला काय दिसतं, माय? "व्हिडिओ आहे का?" म्हणल्या. मी ताठ झाले. म्हणले, "हाय की! पहिल्यापासनंचे हायेत." कार्ड उघडलं. फाईल दाबली. उघडता येत न्हाई म्हणून आलं. दुसरी दाबली. तिसरी. बाई म्हणल्या, "एकही नाही?" मी दाबतच ऱ्हायले. त्या समजावून म्हणल्या की झटक्यांचे प्रकार असतात, एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर कधी कधी वाढतात, पहिले कसे व्हते आन आता कसे हायेत ते बघितल्याबिगर त्यांना अंदाजानं द्यायचं न्हाई. "तोवर हे साधं औषध चालू ठेवा. पुढचा आला की काढा. पण आधी तिला कुशीवर वळवायचं, मग फोन धरायचा. विसरू नका."

तिथनं थेट दुकानात गेलो. गिऱ्हाइकं व्हती चार-दोन. दुकानदारानं कार्ड कंप्युटरला लावलं, हिकडं तिकडं करून बघितलं. "ताई, ह्या कुलपासगट कॉपी झाल्यात. खणाच्या आतच उघडून बाहेर काढाय पायजे व्हत्या, मग कॉपी."

"मग आता काढा की."

"चावी जुन्या फोनमधी असती. तो तुमी पुसाय लावला. कुलूप लावलेली पेटी हिकडं आणली, चावी तिकडं घरात ऱ्हायली, आन ते घर तुमीच पाडून घेतलं."

"मी बोटानं खूण काढून दावते. मला येती ती खूण."

"त्या खुणेनं आता काय व्हत न्हाई, ताई. तो फोन बी गेला हितनं. आन ऱ्हायला असता तरी काय, आत काय ऱ्हायलं न्हाई." मग मला बरं वाटावं म्हणून हसत म्हणला, "लग्नाचा व्हिडिओ व्हता का? दाजींना परत उभं करू बोहल्यावर!"

गिऱ्हाइकं हसली. मी म्हणले, "माझ्या पोरीचे झटके हायेत त्यात. फेफरं येतं तिला." भर दुकानात, मोठ्यानं. गिऱ्हाइकांत आमच्या शेजारच्या गावची एक बाई व्हती, तिनं पोरीकडं बघितलं आन पदर तोंडाला लावला. एवढं मूठ उघडून बी हातात काय आलं न्हाई.

पेटी म्हणला तवा मला तुझीच पेटी दिसली. चावी तुझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायची, अंघोळीला बी काढायची न्हाईस. तू गेलीस तवा ती काढायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, तुझ्यासंगच गेली. मामानं पहार घालून कुलूप फोडलं. आत तुझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या व्हत्या, धुऊन घड्या घातलेल्या, पिवळे डाग न गेलेल्या. छातीवरची जखम तू त्यानं बांधायचीस, आन आमाला म्हणायचीस, गारठा हाय म्हणून पदर घट्ट घेतलाय. बा त्या चिंध्या मांडीवर घेऊन म्हणत ऱ्हायला, "कावून सांगितलं न्हाई? कावून सांगितलं न्हाई?" पण तुझी पेटी पहारीनं उघडली तरी. माझ्या कार्डाला पहार बी चालत न्हाई. पोरीचे सगळे झटके आत हायेत, एक बी गेलेला न्हाई, आन एक बी दिसत न्हाई.

आता पुढच्या झटक्याची वाट बघायची. तो मागच्यासारखाच न थांबणारा आला तर? फोन भरून ठेवते, कुणाला हात लावू देत न्हाई. ती अंगणात खेळती तवा मी तिचे डोळे बघत बसते. सासू म्हणती, "नारायणगडाला, देवाच्या पायाशी नेऊन आणू." म्हणले, न्या. कुठं बी न्या.

हे लिहून झालं तर फोन इचारतोय, कुलूप लावायचं का. न्हाई म्हणले. धाडायचं तर कुठंच न्हाई हे, पण कुलूप बी नको. एक गोष्ट तेवढी ऱ्हायली. सकाळी अंगणात तिनं हात असा वर ताठ केला आन मान वाकडी केली. कुशीवर वळवायचं मला आठवलंच न्हाई. मी आधी फोन धरला. ती हसली आन म्हणली, "आई, माझा फोटू काढ." नुसता खेळ व्हता तिचा. आन माय, झटका नव्हता तरी मला बरं वाटलं न्हाई.