काहिलीपेक्षा हलकी नाव

आबा, तुमचा दमा कसा आहे? जाताना फार छळलं त्यानं तुम्हाला. आईचे गुडघे बरे आहेत का, की तिथंही तिला चढउतार करावा लागतो? थोरल्या काकांना शेवटी शेवटी माणूस आवाजावरून ओळखावा लागायचा, आता दिसतं का त्यांना? आणि आपला तांबडा बैल, त्याच्या खांद्याची सूज उतरली का? इकडं तुमच्या सुनेची साखर वाढली आहे, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, बाकी घर ठीक आहे. मेलेल्या माणसांची तब्येत विचारावी की नाही, मला माहीत नाही. दुखणी इथंच राहतात की मागोमाग येतात, हे कुणी परत येऊन सांगितलेलं नाही. म्हणून आपलं विचारून ठेवलं.

लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. मी गोठ्यात एक नाव बांधली आहे. लांबोडकी, दोन्ही टोकांना निमुळती, दोन माणसं पुढंमागं बसतील एवढी. लोखंड नाही, सागवान नाही. आतून बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या आणि वरून काचेच्या धाग्याचं कापड, त्यावर रेझिन म्हणून एक औषध चोपडायचं, ते वाळलं की दगड. वजन म्हणाल तर मी एका बाजूनं आणि तुमच्या सुनेनं दुसऱ्या बाजूनं उचलली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, हे तर सुपावानी लागतंय. पाखडायला घेऊ का?" मी हसलो खरा, पण त्या दिवसापासून रोज एकदा गोठ्यात जाऊन ती उचलून बघतो.

हे सगळं अक्कामुळं झालं. तिची वस्ती धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडं, आपल्या दारातून तिच्या घरची लिंबाची झाडं दिसतात. पण रस्त्यानं जायचं तर राहुरीवरून सगळा वळसा, आणि रस्ता कसला, नुसते खड्डे. तिच्या कंबरेचा मणका सरकला आहे. डॉक्टरांनी गचके खायचे नाहीत म्हणून बजावलं, तेव्हापासून ती माहेरी आलेली नाही. मी जातो अधूनमधून, पण मी जाणं म्हणजे तिचं माहेर नव्हे. गेल्या उन्हाळ्यात फोनवर मी म्हटलं, "अक्का, जीप करू का? खाली गादी टाकू." तर ती म्हणाली, "जीप न्हाई न् फीप न्हाई. आबांनी आनली हुती तशी आनतो का? न्हाईतर मेल्यावरच ये माती द्यायला." आणि फोन ठेवला. ती थट्टा करत होती की खरंच मागत होती, हे मला कळलं नाही. तुमच्या सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "तुमच्या घरातली थट्टा कुठं संपती न् खरं कुठं सुरू होतं, हे मला नांदायला आल्यापासून कळलेलं न्हाई."

तुम्ही आणली होती तशी म्हणजे काय, ते मी विसरेन का? तेव्हा धरण नव्हतं, नदी होती. अक्काचं पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि नदीला पूर. पहिलटकरणीला माहेरी आणायचं म्हणजे आणायचंच. तुम्ही गुऱ्हाळातली काहील काढता, आठ माणसं ती खांद्यावरून नदीला नेतात. ज्या कढईत तुम्ही उसाचा रस कढवायचा, तिच्यात तुम्ही गवताचे भारे अंथरता. तरंगायला वाळके भोपळे पोटाला बांधलेले दोघे काहिलीचा काठ धरून पोहतात, आणि तुम्ही पुढं, पाण्यात गळ्यापर्यंत. मी काठावर आईचा पदर धरून उभा आहे. परत येताना काहिलीत अक्का बसली आहे, डोक्यावर घोंगडं, आणि ती चक्क हसते आहे. काठाला लागल्यावर आई रडायला लागली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "रडतीस काय? गुळाची ढेप न्हाई फुटली माझ्या हातनं कधी, लेक फुटंल व्हय?"

त्याच पावसाळ्यात मी केळीचे खुंट दोरीनं बांधून ओढ्यात सोडले आणि त्यावर बसलो. तुम्ही कुठून आलात देव जाणे, माझा कान धरून मला चिखलातून वर काढलंत. म्हणालात, "हलक्या वस्तूवर जीव टाकू नगंस. पानी हलक्याला खेळवतं न् जडाला मान देतं." कान दोन दिवस लाल होता, पण शब्द आयुष्यभर राहिला. पुढं मी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकलो, तेही कुठं शाळेत नाही, उघडून उघडून. तेव्हाही गिऱ्हाईकानं मोटार आणली की मी आधी उचलून बघायचो. जड असली की म्हणायचो, ही टिकेल. खाट घेतली ती जड, कुलूप घेतलं ते जड, बायको बघायला गेलो तेव्हासुद्धा… जाऊ द्या, तुमची सून हे वाचेल.

तर मोबाईलवर एक दाढीवाला परदेशी माणूस अशी नाव घरात बांधून दाखवतो. भाषा कळत नाही, पण हात कळतात. मी तेच पुन्हा पुन्हा बघत बसलो. सामान नगरला मिळालं. नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, तुम्ही गोंधळू नका. आणि पहिल्याच दिवशी मी तुमचा मुलगा असल्याचा पुरावा दिला. तुम्ही म्हणायचा, पाक एकसारखा हवा तर सगळा रस एकदम काहिलीत घाल आणि हात थांबवू नको. मी तसंच केलं. बादलीभर रेझिन, त्यात ते घट्ट करणारा सगळा हार्डनर, आणि ढवळत बसलो, निवांत, एका लयीत. मध्येच काडीनं एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकून गोळी होते का तेही पाहिलं, तुमच्यासारखंच. गोळी काही होईना, पण बादली तापायला लागली. बघता बघता हात लावू नये इतकी, मग धूर, मग बादलीचं बूड वाकलं आणि आतला सगळा माल खडकासारखा थिजला. तुमची सून धावत आली. "अवो, गूळ लागला का?" म्हणाली आणि मग पदर तोंडाला लावून एवढी हसली की गाय बुजली. नंतर समजलं, हे औषध एका जागी भरपूर ठेवलं की स्वतःच्याच अंगानं पेटतं. वाटीभर कालवायचं आणि लगोलग पातळ पसरायचं. आबा, तुमची सगळी शिकवण ह्या कामात उलटी निघते. जमवायचं नाही, पसरायचं. निवांत ढवळायचं नाही, उरकायचं. जड करायचं नाही, जितकं औषध पुसून काढू तितकी नाव पक्की. मी कुणाचं ऐकत होतो, तुमचं की त्या दाढीवाल्याचं, माझं मलाच समजेना.

पण नाव झाली. वाळूची पोती आत ठेवून मी ती शेततळ्यात दोन दिवस सोडून ठेवली, थेंब आत आला नाही. शेजारचे बघायला आले. एक म्हणाला, "आजोबा, वाऱ्यानं उडंल, दावं लावा." मी दावं लावलं. आधी ते हसले, मग वारा सुटला तेव्हा त्यांनाच पटलं.

काल सकाळी मी पलीकडं गेलो. पोहायचं जाकीट घालून, एकटाच, वारा पडलेला बघून. अक्का काठीवर रेलून काठाला उभी. मडकं घेताना वाजवून बघतात तशी तिनं बोटाच्या पेरानं नाव वाजवली. मग म्हणाली, "आबांनी बघितली आसती तर?"

"हाणली असती मला."

"मंग?"

"मंग काय. तूच सांग, बसतीस का?"

"मला काय कळतंय त्यातलं? तू बसवशील तर बसंन." तिनं काठीचं टोक पाण्यात बुडवून बघितलं. "तुला आबांचा शबुद मोडवत न्हाई, का तुला सोताला भ्या वाटतंय? एक काय ते ठरव की रं. दिवाळी आठ दिवसांवर आलीय, मी लुगडं काढून ठिवलंय."

मी म्हटलं, बघू. ह्या वयात बहिणीला बघू म्हणणं म्हणजे काय, तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिनं मान हलवली, आणि मी निघालो तेव्हा तिनं नावेला हलकासा ठोसा दिला, लहानपणी पाठीत द्यायची तसा.

आता मला तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही तिला जडात बसवून आणलंत आणि ती हसत आली. मी हलक्यात बसवू का? तेव्हा तुमच्या अंगात जोर होता, बरोबर माणसं होती. इथं मी आणि एक वल्हं. तिच्यासाठी जाकीट आणलंय, वारा बघेन, फुगवटा अरुंद आहे तिथून नेईन, सगळं करेन. पण "हो" म्हणायला तोंड उघडलं की माझा कान दुखतो, खोटं नाही सांगत. आणि "नाही" म्हटलं तर तिचं माहेर मी बंद केलं असं होईल.

हे पत्र कुठं टाकायचं हेही मला माहीत नाही, तेव्हा ते इथंच राहील. पण राहणारच आहे तर एक गोष्ट लिहून टाकतो, जी मी घरात बोललो नाही, अक्कालाही नाही. काल परत येताना मधोमध आलो आणि वल्हं मांडीवर ठेवलं. पाणी मला खेळवत होतं, तुम्ही म्हणाला होता तसंच. आबा, मला ते फार आवडलं. इतकं की घरी यावंसं वाटेना. तुमचं चुकलं असं मला म्हणवत नाही आणि तुमचं बरोबर होतं असंही आता म्हणवत नाही. अक्का लुगडं काढून बसली आहे. पाडव्याच्या आत काय ते कळवा, उशीर करू नका.