ताम्हनात पडलेले दात

काका, तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली आणि मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत असते, म्हणून आज कागदच घेतला. आपलं रक्ताचं नातं नव्हतं. बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुलीला तुम्ही नाशिकरोडच्या तुमच्या दोन खोल्यांत कवळ्या करायला शिकवलंत, आणि "सर म्हणू नको, मी काय मास्तर नाय," असं बजावलंत, एवढंच. पुढच्या खोलीत दात, मागच्या खोलीत काकूंचा स्वयंपाक. कवळीचं प्लास्टिक शिजवायचे साचे काकूंच्याच गॅसवर, भाताच्या कुकरशेजारी उकळायचे. त्या उग्र वासाबद्दल काकूंनी कधी कुरकुर केली नाही असं मी म्हणणार नाही. रोज करायच्या.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला तारेचं सांगितलं होतं. अर्ध्या कवळीला स्टीलची तार असते. तिचं एक टोक शेजारच्या खऱ्या दाढेला धरून राहतं, दुसरं गुलाबी प्लास्टिकच्या पोटात जातं. "ह्या आतल्या शेपटाला नागमोडी वळण द्यायचं अन् ते खडबडीत ठेवायचं. गुळगुळीत तारेला प्लास्टिक चिकटत नाय, पोरी. त्याला धरायला कायतरी लागतं." मी मान डोलावली. पुढे आपल्याला काम देणाऱ्या दातांच्या डॉक्टरांकडून पंचवटीतल्या एका गुरुजींच्या तीन दातांची कवळी करायला आली. तुम्ही त्या दिवशी निफाडला लग्नाला गेला होता. ते वेडंवाकडं शेपूट मला गबाळं वाटलं. मी ते सरळ केलं आणि मशीनवर घासून आरशासारखं चकचकीत केलं. प्लास्टिकच्या आत ते कुणाला दिसणार होतं? पण अंगात टापटीप ना माझ्या!

पंधरा दिवसांनी डॉक्टर तणतणत तुमच्या दारात उभे. एका वास्तुशांतीत गुरुजी 'स्वाहा' म्हणाले आणि तार राहिली दाढेला, दात पडले ताम्हनात. "यजमानांची पोरं हसली हो! गुरुजी बिचारे घरात तोंडावर उपरणं धरून बसलेत, कुठं पूजेला जायला तयार नाहीत. कुणी केलं हे?"

मी पलीकडे मेण तापवत होते. आता आपल्याला घरी पाठवणार आणि वडील लगेच स्थळं बघायला लागणार, एवढंच डोक्यात. डॉक्टरांनी आणलेली कवळी घेऊन तुम्ही तार निघालेल्या गुळगुळीत भोकात सुई फिरवून पाहिलीत. तुम्हाला तिथंच कळलं असणार. आणि म्हणालात, "माझ्या हातनं झालंय, डॉक्टर. चूक माझी." डॉक्टरांनी त्या दिवसापासून तुम्हाला काम देणं बंद केलं. तुमचं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं, काका! का घेतलंत अंगावर? काकूंनी नंतर मला सांगितलं, "ते म्हणले, पोरीचं नाव आत्ताच खराब झालं तर नाशकात तिला कोण उभं करील?"

संध्याकाळी तुम्ही मलाच ती कवळी पुन्हा करायला बसवलंत. आवाज चढवला नाहीत. "येत नव्हतं म्हणून चुकली असतीस, तर मला काय वाटलं नसतं. तुला सांगितलेलं व्हतं." मी ढसाढसा रडले. कवळी द्यायला आपण दोघं गेलो तेव्हा गुरुजींनी ती बसवून चार मंत्र खणखणीत म्हणून दाखवले आणि स्वतःच हसले. तुम्ही त्यांचीही माफी मागितलीत. मी तुमच्या शेजारी बसून लाडू खात होते.

आता माझी स्वतःची लॅब आहे. टायटॅनियमचे स्क्रू येतात, नवीन नवीन प्लास्टिकं येतात, आणि या दोघांना एकत्र नांदवणं अजून तेवढंच किचकट आहे. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी तेच डॉक्टर माझ्याकडे आले. त्यांचं काम मी घेतलं. काल एक कवळी उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, तुमच्या कामात सफाई आहे. तुमचे ते काका माणूस देवासारखे, पण कामात जरा कच्चे."

मी हसले, काका. त्यांच्यासाठी चहा सांगितला.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ते मला कळतं. ते ज्यानं वाचायला हवं असा जिवंत माणूस एकच आहे. त्यांचा दवाखाना इथून चालत पाच मिनिटांवर आहे, आणि उद्या सकाळी मी तिकडे जाणारच आहे. त्यांच्या कवळ्या नेईन. हे नेणार नाही.