झऱ्यावरचा नंबर

प्रिय पप्पा, बर्फातून जय भीम.

मी बरा आहे. काल कितीतरी दिवसांनी बूट काढून झोपलो.

अंबरनाथच्या कंपनीत युनियन चालवताना तुम्ही म्हणायचात, साम्यवाद आला की बंदुका गंजतील. इथे समोरच्या चिनी चौकीवर तुमचाच लाल बावटा आहे आणि बंदुकांना रोज तेल लागतं. तुम्ही म्हणाल, तो खरा साम्यवाद नाही. नसेल. पण आमचा झगडा झऱ्याच्या पाण्यावरून होता, आणि तहान खऱ्या साम्यवाद्यालाही लागणारच.

आपल्या चाळीत सगळे युनियनवाले होते, तरी नळावर डोकी फुटायची. आईने हंड्यांचे नंबर लावले तेव्हा कुठे थांबलं. हे मी साहेबांना सांगितलं. ते हसले, पण समोरच्यांशी बोलणी झाली तेव्हा तेच मांडलं. आता सकाळी चिनी पाणी भरतात, दुपारी आम्ही.

बदलापूरला पाणी वेळेवर येतं का? आईचा गुडघा कसा आहे? माझी दोन बोटं अजून बधिर आहेत, तिला सांगू नका.

काल समोरचा एक जवान दुपारी, आमच्या वेळेत, धापा टाकत आला. आम्ही कॅन बाजूला घेऊन त्याला आधी भरू दिलं. आई इथे असती तर नंबर मोडला म्हणून दोघांनाही झापलं असतं.

तुमचा,
धम्मदीप