रायनहोल्डच्या नावापुढचा क्रूस

बांबेर्ग, ३० ऑगस्ट १९५३

चि. आन्सगारास अ. आ.

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी तू जुळवलेल्या वंशवृक्षाचा कच्चा छाप आला. पुडकं आईनेच फोडलं. जन्माला तारा, मरणाला क्रूस, हे तिला चष्म्याशिवायही कळतं. लढाईवरून न परतलेल्या आपल्या भावापुढे, रायनहोल्डपुढे, क्रूस आणि ३१ डिसेंबर १९४५ बघून ती बटाटे सोलायला बसली. मग म्हणाली, शेजारच्या बेपत्ता पोरालाही कोर्टाने हीच तारीख दिलीय, सगळी एकाच संध्याकाळी गेली की काय. बेपत्तांना कोर्ट सरसकट हीच तारीख देतं, एवढंच मी सांगितलं.

त्याची बायको इर्मट्राउट तर आईसमोर यायचंच टाळते. पाववाल्या लोरेन्झने तिला मागणी घातलीय, रायनहोल्डला मृत ठरवणारा कोर्टाचा कागदही हातात आहे; पण आई हो म्हटल्याशिवाय लग्न करणार नाही म्हणते. आता तो विषय काढायची सोय तू ठेवली नाहीस. फार राग आलाय तुझा. तरी खोकल्याला जप.

रागावलेली, पण तुझीच,
मेख्टिल्ड


व्युर्त्सबुर्ग, ३ सप्टेंबर १९५३

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र छापखान्यात उभ्यानेच वाचलं. लढाईनंतर इतके क्रूस जुळवलेत, की कोर्टाचा कागद समोर ठेवला आणि बोटं आपसूक क्रूसाच्या खिळ्यांच्या खणाकडे गेली. हा आपला रायनहोल्ड, हे ध्यानात आलं तेव्हा छाप टपालात पडला होता.

क्रूस आणि तारीख काढून तिथे कोरे खिळे बसवतो. ते उमटत नाहीत, नुसती जागा धरून ठेवतात. पण वहिनीने असं किती दिवस राहायचं? तो परत येईल असं मला वाटत नाही, ताई. आईसमोर हे बोलायची माझी छाती नाही. वाढदिवसाला यायला मालकाने रजा दिली नाही, हेही एका परीने बरंच झालं.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
आन्सगार


बांबेर्ग, १५ सप्टेंबर १९५३

चि. आन्सगारास अ. आ.

वाढदिवस पार पडला. लोरेन्झने आलुबुखारांचा केक पाठवला होता. आईने दोनदा घेतला आणि साखर कमी म्हणाली.

जेवणानंतर तिने वंशवृक्ष मागवला. कोऱ्या जागेवरून बराच वेळ बोट फिरवलं. मग पेन्सिल मागितली, इर्मट्राउटला शेजारी बसवलं आणि तिच्यादेखत रायनहोल्डपुढे बारीकसा क्रूस काढला. तारीख घातली नाही. तिला म्हणाली, आता पाववाल्याला फार ताटकळत ठेवू नकोस, आधीच टक्कल पडलंय त्याला. इर्मट्राउट तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मलाही आवरलं नाही.

लग्न नाताळाआधी आहे. रजा आत्ताच माग.

आवराआवर करताना पेन्सिल टेबलावरच सापडली. खोडरबर तेवढा आईने एप्रनच्या खिशात ठेवलाय. मागितला, तर देत नाही; म्हणते, कधी लागला तर?

तुझी वाट पाहणारी,
मेख्टिल्ड