स्वेटर झडतो म्हणे

जहाजावरून, ९ जानेवारी

ती. आजीस ठमीचा साष्टांग नमस्कार.

आईने फोटो काढून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. इथे मात्र बिनसलंय. जहाजाच्या नाकाशी माझा पंप आहे. तो हवा ओढतो आणि तिच्यातले कण पांढऱ्या कागदावर पकडतो. ढगात बर्फ धरायला असा कण लागतो. नुसतं पाणी शून्याखालीही हट्टाने पाणीच राहतं. या गोठलेल्या समुद्रावर ना माती, ना झाडं. मग कण येतात कुठून? बर्फ फुटतो तिथल्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांकडून, असं माझे तीन दिवसांचे कागद सांगतात. ते कागद धुतलेल्या पाण्याचे, म्हणजे धुवणाचे, थेंब उणे नऊलाच गोठले. स्वच्छ पाण्याचे उणे पंचविसापर्यंत टिकतात.

आमच्या मोहिमेच्या प्रमुख सरांनी कागदांवर निळे तंतू पाहिले आणि निकाल दिला, की हा माझ्या स्वेटरचा प्रताप. तिन्ही कागद बाद, आणि पुढच्या बंदरावर मीही उतरायचं. आजीने विणलाय म्हटलं, तर हसले.

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी ठमी

घरून, १४ जानेवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं राहू दे. तळपायाची आग मस्तकात गेली आहे. माझा स्वेटर झडतो? दुहेरी लोकर, बारीक सुया, दोनदा उसवून विणलेला! तुझ्या आजोबांनी असलाच नऊ वर्षं घातला. कोपरं गेली, पण लोकरीचा तूस पडला नाही. तुझी आई म्हणते, सरांना शास्त्र कळतं. कळत असेल. तूस मला कळतो. एकतीस वर्षं सूतगिरणीत नाकात भरून घेतलाय.

तिथेही एक मुकादम होता, तुझ्या सरांचा थोरला भाऊ शोभेल असा. सुतात गुठळी आली की खापर आमच्या मशीनवर. शेवटी मी एक ओलं फडकं कापूस पिंजतात त्या पिंजण खात्याच्या दारात टांगलं, दुसरं आमच्या मशीनमागे. भोंगा झाल्यावर दोन्ही त्याच्या टेबलावर आपटली. दारातलं तुसाने पांढरंफेक, आमचं जवळजवळ कोरं. दुसऱ्या दिवशी ती घेऊन पिंजण खात्याशी भांडायला गेला मेला. तेवढीच शांतता.

रडत बसली असशील तर नाक पूस. पंप बंद कर. कोऱ्या कागदावर स्वेटर चांगला झटक आणि त्याचेही थेंब गोठव. काही निघायचं नाही. मग ते सरांच्या नाकासमोर धर आणि आजीने सांगितलंय म्हण.

आठवण ठेव, आणि कान झाकून हिंड.
आजी

जहाजावरून, १९ जानेवारी

ती. आजीस ठमीचा नमस्कार.

आधी पाणी पी, मग वाच. स्वेटर झडतो. कोऱ्या कागदावर एकेचाळीस निळे तंतू पडले.

पण त्यांचे थेंब उणे चोविसापर्यंत गोठले नाहीत! म्हणजे बर्फ धरणारे ते नव्हेत. तरी सर ऐकेनात, म्हणून त्या तीन दिवसांचं धुवण उकळून पुन्हा गोठवलं. उकळल्यावर उणे नऊची करामत गेली. लोकर उकळून काही बिघडत नाही, बिघडतं ते जिवांचं. सरांनी तीनदा पाहिलं आणि हं म्हणाले. कागद परत मिळाले. बंदरावर उतरत नाही. फक्त अहवालात स्वेटर झडत होता हे लिहावं लागेल. रागावू नकोस.

कृपादृष्टी असू दे, निदान एक डोळा तरी.
ठमी

घरून, २३ जानेवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

एकेचाळीस! मी तुझा जुना निळा स्वेटर पांढऱ्या चादरीवर झटकला आणि भिंग घेऊन बसले. बावन्न. तेव्हा लिही. झडतो म्हणूनच लिही, आडपडदा नको.

तुझे आजोबा रोज कामावर निघताना दारात उभे राहून कोट झटकायचे. नऊ वर्षं. मी त्यांना नखरेल म्हणायचे. स्वेटरबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत.

आता सरांचं. माझ्या नातीला बंदरावर उतरवायला निघाले होते आणि नुसतं हं? हे मी खपवून घेणार नाही. त्यांच्या छातीचं माप पाठव. त्यांनाही विणते, लालभडक, म्हणजे कागदावर कोणाचा तूस आहे ते लांबूनच कळेल. पहिल्या दिवशी त्यांना कोऱ्या कागदापुढे उभं करून झटकायला लाव आणि आकडा त्यांच्याच हाताने लिहून घे.

लोभ आहे. माप विसरू नकोस.
आजी