होल्डवर ठेवलेलं टेबल

प्रिय आत्या,

सकाळचे साडेनऊ वाजलेत. मी तुझ्या मानपाड्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसलेय आणि शॉट-लिस्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुला लिहितेय. पत्र लिहायची ही काय वेळ आहे? खिडकीतलं ऊन साडेदहाला टेबलावर येतं आणि साडेअकराला निघून जातं. दुपारी बाबा टेम्पो घेऊन येणार, संध्याकाळी नव्या भाडेकरूंना किल्ली द्यायची. शुक्रवारी कॉलेजात फिल्म जमा करायचीय. आणि माझा नववा शॉट अजून झालेला नाही!

तुला जाऊन आज महिना झाला. सकाळपासून मी तीनदा खिडकी उघडली आणि तीनदा लावली. साहिलने कॅमेरा बांधला, माझ्याकडे दहा मिनिटं बघितलं आणि वैतागून खाली चहाला गेला. "डोकं जागेवर आलं की फोन कर," म्हणाला. ते येईना म्हणून लिहायला बसले. आपलं भांडण मिटवल्याशिवाय मला त्या टेबलाला हात लावता येणार नाही, एवढं एकच मला कळलंय.

भांडण कसलं म्हणा! भांडायला दोघी लागतात. मी एकटीच ओरडले होते.

तुला फिल्मची कल्पना पहिल्यांदा सांगितली तो दिवस आठवतो? तू इथेच बसून लसूण सोलत होतीस. मी म्हटलं, आत्या, प्रायोगिक फिल्म आहे. तू म्हणालीस, "म्हणजे प्रॅक्टिकलची परीक्षा का गं?" मी कपाळावर हात मारला. मग हातवारे करकरून सांगितलं. एका बाईचा एक दिवस. चेहरा नाही, संवाद नाही. कॅमेरा छताला, खाली फक्त टेबल आणि तिचे दोन हात. सकाळी टेबल रिकामं असतं. मग चहाचा कप येतो, वर्तमानपत्र येतं, मटारच्या सोललेल्या शेंगा येतात, विजेचं बिल, शिवणाची सुई, औषधाची पट्टी. आलेली वस्तू जात नाही, नुसती साचत राहते. नऊ शॉट. शेवटी टेबल गच्च भरलेलं आणि हात निघून गेलेले.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "पण मिने, असं टेबल ठेवतं कोण? बाईचा दिवस साचत नाही गं. ती मागचं उचलते तेव्हा कुठे पुढचं ठेवायला जागा होते."

मी म्हटलं, आत्या, ते प्रतीक आहे. तू "बरं बाई" म्हणालीस आणि लसणाची सालं उचलून टेबल पुसून घेतलंस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला त्या वेळी माझ्याशिवाय कुणाचं काही ऐकू येत नव्हतं.

हात तुझेच हवे होते मला. चौतीस वर्षं औषधांच्या कंपनीत पॅकिंगला काढलेले हात. तिथे बांगडी, अंगठी, घड्याळ काही चालायचं नाही म्हणून तुझी मनगटं कायम मोकळी. साहिल म्हणाला, "आत्या, हिरव्या बांगड्या घाला ना, फ्रेममध्ये भारी दिसतील." तर तू त्याच्याकडे असं बघितलंस की बिचारा लगेच वायर गुंडाळायला लागला. आणि कॅमेरा छताला कसा लावायचा हे आम्हा दोघा शिकलेल्यांना सुचेना, तेव्हा तूच कपडे वाळत घालायची काठी माळ्यावरून कपाटावर आडवी टाकलीस आणि परकराच्या नाडीने कॅमेरा असा बांधलास की त्याची हलायची बिशाद नव्हती. आजही तीच काठी आहे. गाठ मात्र साहिलची आहे आणि मला तिचा भरवसा वाटत नाहीये!

लहानपणी मी सुट्टीत वर्तकनगरहून तुझ्याकडे राहायला यायचे, तेव्हा जेवणं झाल्यावर आपला एक कार्यक्रम असायचा. लाइन क्लिअरन्स. तुमच्या कंपनीत एका औषधाची बॅच संपली की दुसरी सुरू करण्याआधी अख्खं टेबल, अख्खा पट्टा साफ करायचा. मागच्या बॅचची एक गोळी, एक लेबलसुद्धा राहता कामा नये, नाहीतर एकाचं औषध दुसऱ्याच्या डब्यात जायचं. डावीकडून उजवीकडे पुसत जायचं, मग खाली वाकून बघायचं, मग मागे. आणि साफ करणाऱ्याने स्वतःच "झालं" म्हणायचं नाही. एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं. केलं कोणी, तपासलं कोणी, अशा दोन सह्या झाल्याशिवाय पट्टा सुरू होत नसे. तू टेबल पुसून हाक मारायचीस, "तपास गं मिने!" मी टेबलाखाली शिरून भाताचं एखादं शीत शोधून काढायचे आणि तू शाळेत पकडल्यासारखा चेहरा करायचीस. मग मी सनमायकावर बोटाने सही करायचे. ती शितं तू मुद्दाम टाकायचीस का गं? हे विचारायचं राहूनच गेलं.

आता त्या रविवारचं लिहिते.

चार शॉट झाले होते. कप, पेपर, शेंगा, बिल. सगळं कसं जिथल्या तिथे साचत चाललं होतं. आम्ही खाली वडापाव खायला गेलो आणि वीस मिनिटांनी वर आलो, तर टेबल चकचकीत! कपाचा गोल डाग गेला, शेंगा गेल्या, पेपर घडी घालून कोपऱ्यात. ओल्या फडक्याचा वास येत होता. आणि तू पदर खोचून उभी, शाबासकी मिळणार अशा चेहऱ्याने.

"घ्या, टेबल तयार. तपास गं मिने!"

काय बोलले मी? तुला नक्की आठवत असेल, मलाही आठवतंय. "ही तुझी कंपनी नाहीये आत्या! आयुष्यभर गोळ्या मोजल्यास म्हणून सगळं पुसूनच टाकायचं का? एक साधी गोष्ट सांगितलेली, हलवू नकोस म्हणून!" साहिलसमोर. दार उघडं, समोरच्या सावंतकाकूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तू म्हणालीस, "चुकलं माझं." बस. फडकं घेऊन आत गेलीस, कचऱ्याच्या डब्यातून शेंगा काढून धुऊन आणल्यास. साहिलच्या फोनमधले फोटो बघून आपण सगळं पुन्हा मांडलं, चारही शॉट परत घेतले. आम्ही सांगू ते तू केलंस. ठेव म्हटलं की ठेवलंस, हात काढ म्हटलं की काढलास. आठवा शॉट झाला आणि ऊन गेलं. कॅमेरा काढताना मी तुझ्याकडे न बघता म्हटलं, "आता हलवू नकोस काही. पुढच्या रविवारी येतो."

आणि पुढच्या रविवारी मी आले नाही. खरं कारण सांगू? लाज वाटत होती. लाज वाटायला लागली की मला रागच येतो, हे तुझ्या भावाचं वळण. त्याच्या पुढच्या रविवारी कॉलेजचं काहीतरी होतं. त्याच्याही पुढच्या रविवारी मी चक्क घरी लोळत होते. तू दर शनिवारी फोन करायचीस. "येताय ना उद्या? टेबल तसंच आहे हो." मी म्हणायचे, "हो गं, बघते." तसंच आहे म्हणजे काय, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. मला वाटलं, फोटो आहेत, परत मांडू. आणि तू तरी सरळ का नाही बोललीस? 'मिने, माझे गुडघे दुखतायत, ये आणि तुझं टेबल उरक,' एवढं म्हणाली असतीस तर मी रिक्षा करून धावत आले असते! इतकं कसलं ते मुकाट्याने सोसणं? मला राग येतो तुझा.

बुधवारी सकाळी दूध घेऊन जिना चढताना तू बसलीस ती उठलीच नाहीस.

आम्ही पोचलो तेव्हा तुला बाहेरच्या खोलीत ठेवायचं चाललं होतं. मधोमध टेबल, त्याच्यावर चादर. बाबा म्हणाले, "हे आधी हलवा." कुणीतरी चादरीला हात घातला आणि सावंतकाकू एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की सगळे रडायचे थांबले.

"अहो, थांबा! त्याला हात लावू नका. तिनं बजावून ठेवलेलं आहे!"

चादरीवर टाचणीने एक कागद लावला होता. कॅलेंडरचं मागचं पान कापून, पट्टी लावल्यासारख्या सरळ अक्षरात. "होल्ड. हलवू नये. कारण: मिनूचं शूटिंग." खाली तुझी सही.

तुमच्या कंपनीत ज्या मालाचा निर्णय व्हायचा असेल त्याला होल्डचं लेबल लावतात आणि मग मॅनेजरसुद्धा तो हलवू शकत नाही. हे मला तूच सांगितलं होतंस.

चादर काढली तर सगळं होतं. पेपर, बिल, सुई. शेंगा सुकून वळल्या होत्या, कपात चहाचा तपकिरी पापुद्रा. प्रत्येक वस्तूभोवती पेन्सिलची बारीक रेघ, चुकून धक्का लागला तर जागा चुकू नये म्हणून. टेबलाच्या चारही पायांभोवती मुंग्यांच्या खडूची वर्तुळं. आणि काकू मला सांगत होत्या, "अगो, तीन आठवडे खाली बसून जेवायची ती. भिंतीला धरून उठायची. मी म्हटलं, अहो, टेबल कशाला अडवून ठेवलंत? तर म्हणते कशी, ते माझं नाही, मिनूचं आहे."

मी म्हटलं, असंच्या असं उचला.

चौघांनी ते टेबल उचललं. शेंग हलू नये म्हणून एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरात नेलं. तासाभराने त्याच चौघांनी तुला उचललं.

त्यानंतर महिनाभर मी इथे आले नाही. बाबांनी टेबल दोनदा मागितलं, एकदा तुझा फोटो ठेवायला आणि एकदा आवराआवर करायला. दोन्ही वेळा मी फोनवर इतकी रडले की त्यांनी फोटो खुर्चीवर ठेवला आणि स्वयंपाकघराला कडी लावून टाकली. काल म्हणाले, "मिनू, आता उद्याच्या पलीकडे मला थांबवता येणार नाही गं." आज सकाळी साहिलने आणि सावंतकाकूंनी टेबल तसंच्या तसं उचलून परत इथे खिडकीपाशी आणलं.

साहिल म्हणतो, नवव्या शॉटला त्याच्या आईचे हात घेऊ. हात येणार, औषधाची पट्टी ठेवणार, निघून जाणार. चार सेकंदांचं काम, कुणाला कळणार नाही. आधी मी हो म्हटलं होतं. मग पहाटे वर्तकनगरहून निघताना बसमध्ये मला तुझं ते वाक्य आठवलं. बाईचा दिवस साचत नाही. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस की माझी फिल्म खोटी आहे. मी प्रतीक प्रतीक करत बसले. तुझं एकच टेबल आयुष्यात साचलं, तेही मी साचवायला लावलं म्हणून!

म्हणून नववा शॉट बदललाय. मघाशी साहिलला सांगितलं तर तो किंचाळला. "अगं, हात वेगळे दिसतील! कंटिन्युइटीची वाट लागेल!" म्हटलं, दिसू देत. माझेच हात असणार आहेत. ते उचलणार आहेत.

सव्वादहा झालेत. खिडकीच्या गजांची सावली टेबलाच्या कडेला आलीय. मी मनगटातले सगळे दोरे, मैत्रिणींचे बँड काढून खुर्चीवर तुझ्या फोटोपाशी ठेवलेत. फडकं ओलं करून पिळून घेतलंय. साहिलला फोन केलाय. जिन्यात त्याच्या चपला वाजतायत.

मी शब्द देते, घाई करणार नाही. डावीकडून उजवीकडे जाईन. आधी कप, मग पेपर, बिल, सुई, सगळ्यात शेवटी शेंगा. तुझ्या पेन्सिलच्या रेघाही पुसेन, त्या पुसायला मला सगळ्यात जड जाणार आहे. मग खाली वाकेन आणि मागेही बघेन. एक शीत ठेवणार नाही. कॅमेरा चालू राहील, टेबल रिकामं होईल, आणि मी माझ्या तोंडाने "झालं" म्हणणार नाही.

आणि त्या रविवारी तू हाक मारलीस तेव्हा मी तपासलं नव्हतं. सही माझ्याकडेच राहिली होती. ती आज करतेय. टेबल एकदम साफ होतं गं, आत्या.

तुझी,
मिनू

त्या रविवारचं टेबल
केलं: आत्या
तपासलं: मिनू

आजचं टेबल
केलं: मिनू
तपासलं: